वृद्धांचे छायाचित्र आणि पाहणाऱ्याचा धर्म

मनुष्याच्या हाती नवे साधन आले की धर्माचा जुनाच प्रश्न त्याच्यापुढे नवे रूप घेऊन उभा राहतो. शस्त्र हाती आले तेव्हा ते केव्हा उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे, याचा विचार करावा लागला. धन हाती आले तेव्हा ते कोणास, कोठे व कसे द्यावे, हे ठरवावे लागले. आज छायाचित्र टिपणारे यंत्र घरोघरी, किंबहुना ज्याच्या त्याच्या खिशात आले आहे. तेव्हा कोणाकडे केव्हा आणि कोणत्या भावनेने पाहावे, हाही गृहस्थाच्या नित्य आचाराचा प्रश्न होऊन बसला आहे. विवाहाची, मुंजीची, यात्रेची छायाचित्रे निघतात. त्यांत फारसा पेच नाही. पेच पडतो तो वृद्धांच्या बाबतीत. कारण तेथे यंत्र ज्याच्या हाती आहे तो धडधाकट असतो आणि ज्याचे चित्र निघते तो बहुधा दुसऱ्यावर अवलंबून असतो. अशा वेळी चित्र काढणे ही सेवा ठरते की एक प्रकारचे हरण ठरते, हे नीट पारखून घेणे अगत्याचे आहे.

या विचाराला आरंभ करण्यास पानिपत हे गाव फार सूचक आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर वसलेले हे शहर आज रणांगणापेक्षा वस्त्रोद्योगामुळे अधिक ओळखले जाते. परदेशांत लोकांनी टाकून दिलेले लोकरीचे कपडे येथे गाठोड्या-गाठोड्यांनी येतात. त्यांची रंगवार निवड होते, गुंड्या व अस्तरे काढली जातात, मग ते फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात. या सुताला तेथे ‘शॉडी’ म्हणतात. त्याची स्वस्त, उबदार कांबळी वर्षानुवर्षे देशोदेशीच्या संकटग्रस्तांना पोचली. अलीकडे कृत्रिम धाग्याच्या कांबळ्यांनी त्यांची जागा बरीच घेतली असली, तरी जीर्ण वस्त्राला नवा जन्म देणारे गाव ही पानिपतची ख्याती कायम आहे.

हिवाळा आला की अशी कांबळी उत्तर भारतात गावोगावी वाटली जातात, आणि तेथे एक ठरावीक दृश्य दिसते. थंडीने आखडलेला एखादा वृद्ध पुढे येतो. दात्याच्या हातात कांबळ्याचे एक टोक असते, वृद्धाच्या हातात दुसरे. परंतु दात्याचा हात लगेच सुटत नाही. छायाचित्रकाराने ‘इकडे पाहा’ म्हटलेले असते. दाता हसून यंत्राकडे पाहतो. वृद्धालाही तिकडे पाहण्याची खूण होते. चित्र निघाल्यावर मगच कांबळे खऱ्या अर्थाने त्या वृद्धाचे होते. काही क्षणांचाच हा विलंब. परंतु त्या क्षणांत कोण कोणाला काय देत होते, हे विचारले तर उत्तर सोपे नाही. वृद्धाला ऊब मिळाली हे खरे. परंतु त्या उबेच्या मोबदल्यात त्याने आपला चेहरा, आपले दैन्य आणि आपली लाचारी दिली. ती वस्तू दात्याने घरी नेली व चारचौघांत मिरविली. मग दाता कोण आणि याचक कोण?

येथे कोणी म्हणेल की दोष त्या दात्याच्या वृत्तीचा आहे. छायाचित्राला नावे का ठेवावीत? हा आक्षेप रास्त आहे. मनुष्याचा चेहरा राखून ठेवणे हे स्वतः वाईट नाही, उलट मागे राहणाऱ्यांना तो मोठा आधार आहे. आणि ही गोष्ट पानिपतचे नाव ऐकताच ज्याच्या काळजात चर्र होते, त्या मराठी माणसाला तरी समजावून सांगण्याची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या मैदानात सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या देहाच्या ओळखीविषयी शंका उरली आणि त्या शंकेवर पुढे अनर्थ उभा राहिला. भाऊंचे नाव घेऊन एक तोतया पुढे आला. त्याला मानणारे लोक निघाले, त्याने किल्ले घेतले, आणि अखेरीस १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. परंतु भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. पती जिवंत आहेत या श्रद्धेने त्या १७८३ पर्यंत, मृत्यू येईतो, वाट पाहत राहिल्या. बावीस वर्षांची ती प्रतीक्षा मनात आणली म्हणजे एका विश्वसनीय चेहऱ्याचे मोल काय असते, हे कळून येते.

त्याच पानिपतात १९४७ मध्ये दुसरा आघात झाला. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून हजारो कुटुंबे तेथे येऊन पडली, आणि तेथील मुसलमान रहिवाशांपैकी बहुतेक पाकिस्तानात गेले. त्यांनी जाऊ नये, निर्भयपणे राहावे, म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गांधीजी १० नोव्हेंबर आणि २ डिसेंबर १९४७ रोजी स्वतः पानिपतास गेले होते. ज्यांनी घरे सोडली, त्यांतील कित्येकांना अंगावरच्या वस्त्रांनिशी निघावे लागले. आई-बापांचे चित्र बरोबर घेण्याइतका अवसर कोणाला होता? त्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या मुखावर आणि मुखात जे आहे ते त्यांच्याबरोबर नाहीसे होणार आहे. नातवाने अशा आजोबांसमोर बसून त्यांचे शब्द उतरून घेतले आणि त्यांचे चित्र काढले, तर त्याला दोष देणे हा अविचार होईल. तेथे छायाचित्र हे पितृऋण फेडण्याचेच एक साधन आहे.

तेव्हा छायाचित्र काढावे की काढू नये, असा हा प्रश्न नाही. पाहणाऱ्याचा अधिकार कोठून येतो, हा खरा प्रश्न आहे.

पानिपतपासून कुरुक्षेत्र सुमारे ७० किलोमीटरवर आहे. युद्ध टळावे म्हणून पांडवांनी जी पाच गावे मागितली त्यांत लोकपरंपरा पानिपतचीही गणना करते. ती गावे मिळाली नाहीत आणि युद्ध झाले. त्या युद्धाचा साक्षी संजय. महाभारतात असे आहे की व्यासांनी प्रथम धृतराष्ट्रालाच दृष्टी देऊ केली. परंतु स्वकुळाचा संहार डोळ्यांनी पाहण्याची इच्छा नाही, असे त्या वृद्ध राजाने सांगितले. तेव्हा ती दृष्टी संजयाला मिळाली. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, वृद्धाच्या ‘नको’ला व्यासांसारख्या महर्षींनी मान दिला. दुसरी, संजयाने जे पाहिले ते बाजारात मांडले नाही. ज्याचा त्या दुःखाशी संबंध होता त्याच्याजवळ बसून, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत ते सांगितले. साक्षीचा हा आदर्श आहे. साक्षी तटस्थ असतो. परंतु ज्याच्यासाठी तो पाहतो त्याच्या दुःखाशी तो परका नसतो.

हा आदर्श सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९४७ च्याच काळात सापडते. ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट त्या वेळी फाळणीच्या तांड्यांबरोबर पंजाबात हिंडत होत्या. त्यांच्या चित्रांनी जगाला त्या आपत्तीची खरी ओळख करून दिली. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेला वृद्ध शीख त्यांच्याच चित्रातून जगाने पाहिला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्याबरोबर असलेल्या एका सहकारी पत्रकार स्त्रीने पुढे सांगितले की निर्वासितांच्या एका तांड्याला त्यांनी चित्र मनासारखे साधावे म्हणून पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालत येण्यास लावले होते. ते लोक मरणाच्या दारात होते आणि नाही म्हणण्याचे धैर्य त्यांना नव्हते.

हे वाचून त्या बाईंना कठोर म्हणणे सोपे आहे. परंतु याच बाईंनी १९४६ मध्ये गांधीजींचे चरख्याजवळचे विख्यात चित्र काढले होते. त्या वेळी त्यांना प्रथम चरखा चालविण्यास शिकावे लागले. तसा आग्रहच गांधीजींच्या सचिवांनी धरला होता. प्रखर उजेडाचे दिवेही केवळ तीनच वापरण्याची त्यांना मुभा मिळाली, आणि त्यांनी ती मर्यादा पाळली. म्हणजे एकच व्यक्ती, एकच कला, एकच यंत्र. फरक कोठे पडला? एके ठिकाणी समोरचा वृद्ध अट घालू शकत होता. दुसऱ्या ठिकाणी समोरच्यांच्या अंगी अट घालण्याचे त्राणच नव्हते. तात्पर्य, समोरचा मनुष्य जेव्हा अट घालू शकत नाही, तेव्हा ती अट पाहणाऱ्याने स्वतःच स्वतःला घालून घेतली पाहिजे. धर्म म्हणतात तो हाच. बलवानाने बलवानाशी नेम पाळणे हा व्यवहार झाला. दुर्बळाशी, कोणी विचारणारा नसताना, नेम पाळणे हा धर्म होय.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्व भिन्न भिन्न भूतांत एकच अविनाशी, अखंड भाव ज्याने दिसतो ते सात्त्विक ज्ञान. प्रत्येक भूतात निरनिराळे भाव निरनिराळे म्हणूनच ज्याने दिसतात ते राजस. आणि एकाच कार्याला, एखाद्या तुकड्यालाच, ते सर्वस्व आहे असे मानून जे चिकटून बसते, ते तामस. ज्ञान म्हणजे अखेर पाहण्याचीच रीत असल्यामुळे ही कसोटी छायाचित्रालाही लावता येते.

वृद्धाच्या मुखावरच्या सुरकुत्या, बोळके तोंड, थरथरते हात, धूसर डोळे एवढेच टिपून ‘हे पाहा वार्धक्य’ असे जो म्हणतो, त्याने तुकड्याला सर्वस्व मानले. ज्या हातांनी साठ वर्षे माग चालविला, ज्या तोंडाने नातवंडांना ओव्या ऐकविल्या, त्यांची त्याला वार्ताही नसते. त्याचे चित्र कितीही रेखीव असो, ती दृष्टी तामसच होय. वृद्धाचे वेगळेपण, त्याचा फेटा, त्याची काठी, त्याच्या अंगणातला उजेड यांवर लुब्ध होऊन जो चित्रे जमवितो, वाहवा मिळवितो, स्पर्धेत पारितोषिके घेतो, त्याची दृष्टी राजस. त्यात सौंदर्याची ओढ आहे, पण ओढीचे केंद्र स्वतःमध्ये आहे. आणि समोरच्या जीर्ण देहात जो आपल्यासारखाच, किंबहुना जो आपणच, असा देही पाहतो. आज मी यंत्राच्या या बाजूस आहे, उद्या त्या बाजूस असेन, हे ज्याला क्षणभरही विसरता येत नाही, त्याची दृष्टी सात्त्विक. बाल्य, तारुण्य आणि जरा या एकाच देह्याच्या अवस्था आहेत, असे दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले ते केवळ पाठांतरासाठी नव्हे. वृद्धाकडे पाहण्याची पहिली शिकवण तीच आहे.

अशा सात्त्विक दृष्टीचे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेले आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात कनू गांधी हे गांधीजींचे पुतण्याचे पुत्र हिशेब व पत्रलेखनाच्या कामात होते. त्यांना छायाचित्रणाची आवड लागली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून यंत्र आले. १९३८ च्या सुमारास गांधीजींनी त्यांना परवानगी दिली ती तीन अटींवर. कृत्रिम प्रकाशझोत वापरायचा नाही. ‘असे बसा, तसे पाहा’ असे कधीही सांगायचे नाही. आणि या कामासाठी आश्रम पैसा देणार नाही. पुढची सुमारे दहा वर्षे कनूंनी या अटींवर चित्रे काढली. गांधीजी तेव्हा सत्तरीकडे झुकलेले होते. म्हणजे एका वृद्धाने आपल्या छायाचित्राची आचारसंहिताच घालून दिली, असे म्हणता येईल. या तीन अटींचा अर्थ खोल आहे.

प्रकाशझोत नको, याचा साधा अर्थ असा की वृद्ध डोळ्यांना त्रास देऊ नये. परंतु त्याहून पुढचा अर्थ असा की जेवढा उजेड त्याच्या जीवनात आहे तेवढ्यातच त्याला पाहावे. झोपडीत उजेड कमी असेल तर चित्र काळोखे येईल, पुसट येईल. तेवढा तोटा पाहणाऱ्याने सोसावा. आपल्या चित्राच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या संध्याकाळी मध्यान्हीचे ऊन पाडू नये. ‘असे बसा’ म्हणू नये, याचा अर्थ असा की वृद्धाला आपल्या कल्पनेतील वृद्ध करू नये. ज्याला शांत, गंभीर आजोबा हवे असतात तो त्यांना खिडकीजवळ बसवून शून्यात पाहण्यास सांगतो. आजोबांना मात्र त्या वेळी चण्याची डाळ निवडायची असते. आणि पैसा मिळणार नाही, याचा अर्थ असा की ज्याची सेवा करायची त्याच्याच झोळीतून या हौसेचा खर्च होता कामा नये.

या अटी पाळून जी चित्रे निघाली त्यांत गांधीजी बहुधा काही ना काही करीत असलेले दिसतात. परचुरे शास्त्री या कुष्ठरोगाने ग्रासलेल्या संस्कृत पंडितांची ते शुश्रूषा करीत असतानाचे कनूंचे चित्र प्रसिद्ध आहे. ज्या व्याधीकडे पाहून त्या काळी लोक तोंड फिरवीत, ती व्याधी तेथे समोर आहे; परंतु पाहणाऱ्याचे लक्ष व्याधीवर न खिळता सेवा करणारा व सेवा घेणारा यांच्यामधील नात्याकडे जाते. हे नाते टिपण्याचा अधिकार कनूंना यंत्राने दिला नव्हता. त्याच आश्रमात राहून, तेच अन्न खाऊन, तेच काम करून तो मिळाला होता.

तरीही त्या अधिकाराला मर्यादा होती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासातच, कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. शुश्रूषेसाठी कनूंना तेथे राहण्याची अनुज्ञा मिळालेली होती. त्या अखेरच्या क्षणी चित्र काढण्यास गांधीजींनी त्यांना मनाई केली, असे कनूंच्या छायाचित्रांविषयीच्या लेखनात सांगितले आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते चित्र केवढे मोलाचे ठरले असते! परंतु मरणारीचे मरण तिचे स्वतःचे असते. ते राष्ट्राचे नव्हे, इतिहासाचेही नव्हे. कनूंनी यंत्र बाजूला ठेवले. जे चित्र निघाले नाही, त्याने त्यांच्या निघालेल्या सर्व चित्रांना पावित्र्य दिले, असेच म्हटले पाहिजे.

आता गृहस्थाच्या घराकडे वळू. तेथे तांडे नाहीत, आश्रमही नाही. पण वृद्ध आई-वडील आहेत आणि यंत्रे तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. आजोबा जेवताना डुलकी घेतात, घास खाली सांडतो, कवळी निसटते, विसरभोळेपणाने ते तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतात. कोणी तरी ते टिपतो. हसू येते, चार नातेवाइकांकडे जाते, तेथून चाळीस अनोळखी लोकांकडे जाते. यात कोणाचाही द्वेष नसतो. प्रेमच असते, असे सांगण्यात येते. येथे अकराव्या अध्यायातील अर्जुनाचे उद्गार आठवावेत. विश्वरूप पाहिल्यावर त्याला पहिली आठवण कशाची झाली? खेळताना, निजताना, बसताना, जेवताना, एकांतात किंवा लोकांदेखत थट्टेने आपण ज्याचा अवमान केला, तो कोण होता, याची. आणि त्याने क्षमा मागितली. अर्जुनाचेही कृष्णावर प्रेमच होते. प्रेम असूनही अवमान घडू शकतो आणि तो नेमक्या त्याच वेळी घडतो, जेव्हा समोरचा निजलेला, जेवणारा, बेसावध असतो. ज्या वेळांची अर्जुनाला लाज वाटली, त्याच वेळा आजचे यंत्र हटकून शोधत असते.

त्याच अध्यायात आणखी एक बोध आहे. विश्वरूप पाहण्याची शक्ती अर्जुनाची स्वतःची नव्हती. ज्याला पाहायचे होते त्यानेच ती दृष्टी दिली. पाहण्याचा अधिकार पाहिल्या जाणाऱ्याच्या प्रसादाने मिळतो, हे तत्त्व देवाच्या दर्शनाला लागू आहे, तसेच मनुष्याच्या दर्शनालाही आहे. आपल्याकडे देवळात जाऊन देव ‘पाहिला’ असे म्हणत नाहीत, ‘दर्शन झाले’ असे म्हणतात. दर्शनात पाहणारा नम्र असतो आणि आपणही पाहिले जात आहोत, हे तो जाणतो.

कोणी म्हणेल, “आम्ही विचारतोच, आई होय म्हणते.” येथेच सर्वांत सूक्ष्म विचार हवा. जी आई औषधासाठी, जेवणासाठी, देवळापर्यंत सोबतीसाठी मुलावर विसंबून आहे, तिच्या ‘होय’मध्ये किती स्वेच्छा आणि किती संकोच, हे कोणी मोजावे? त्या तांड्यातील लोकांनीही ‘नाही’ म्हटले नव्हते. परावलंबी मनुष्याची संमती ही नुसती विचारून मिळत नाही, ती ऐकून घ्यावी लागते. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला, मान वळविली, ‘कशाला रे माझं’ म्हटले, तर ते विनयाचे बोलणे समजून पुढे जाऊ नये. ते उत्तर समजावे. उलट ती म्हणाली, “थांब जरा, चांगलं लुगडं नेसते, मग काढ,” तर थांबावे. पाहणाऱ्याला कदाचित चुलीपुढची, विटक्या लुगड्यातली आईच अधिक चित्रमय वाटत असेल. परंतु ते चित्र तिचे आहे. मागे राहणाऱ्यांनी आपल्याला कोणत्या रूपात आठवावे, हे ठरविण्याचा तिचा अधिकार हा अहंकार नव्हे. तो तिचा अखेरचा शृंगार आहे आणि तो तिला करू द्यावा.

ज्यांची स्मृती पूर्ण गेली आहे, जे होय वा नाही दोन्ही म्हणू शकत नाहीत, त्यांच्याविषयी काय? तेथे पुत्राने स्वतःला विश्वस्त समजावे. विश्वस्त ठेव सांभाळतो. ती खर्च करीत नाही. वैद्याला दाखविण्यासाठी, दूर असलेल्या भावंडाला भेटविण्यासाठी, घरात जपण्यासाठी चित्र काढावे. घराबाहेर ते जाऊ देऊ नये. भान हरपण्यापूर्वी हीच आई आपले कोणते चित्र जगाला दाखवू देती, हा प्रश्न मनाशी विचारला की उत्तर बहुधा सापडते.

शासनालाही आज वृद्धाचा चेहरा लागतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून यंत्राने चेहरा ओळखून तो दाखला देण्याची सोय झाली. झिजलेल्या बोटांचे ठसे ज्यांचे उमटत नाहीत, ज्यांना बँकेची पायरी चढवत नाही, त्यांना ही मोठीच सोय आहे. शासनाला एवढेच विचारायचे असते की हा मनुष्य जिवंत आहे ना? आणि तेवढेच विचारणे त्याला शोभते. परंतु मुलानेही आई-बापांच्या चेहऱ्याकडे वर्षातून एकदा, तेवढ्याच प्रश्नासाठी पाहावे काय? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये कायदा झाला. निर्वाहखर्च देण्यास तो मुलांना भाग पाडू शकतो. कसे पाहावे, हे मात्र कोणताही कायदा शिकवू शकत नाही. ते ज्याचे त्याला शिकावे लागते.

त्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. हातात यंत्र नसते, तर मी या वेळी या वृद्धाजवळ बसलो असतो काय? आणि चित्र निघाल्यानंतर मी किती वेळ बसणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘लगेच उठणार’ असे असेल, तर ते चित्र न काढलेलेच बरे. उत्तर ‘होय, बसलो असतो, आणि बसणार आहे’ असे असेल, तर निःशंकपणे काढावे. मग ते चित्र प्रथम त्यालाच दाखवावे. त्याला न रुचले तर पुसून टाकावे. रुचले तर कागदावर उतरवून त्याच्या हाती द्यावे, म्हणजे जे त्याच्यापासून घेतले ते त्याला परत मिळेल. एवढे करणाऱ्याच्या घरी छायाचित्रांची संख्या कमी असेल. पण भिंतीवर हार चढेल त्या दिवशी त्या चित्राकडे पाहताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

जीर्ण वस्त्रे टाकून मनुष्य नवी वस्त्रे घेतो, तद्वत् देही जीर्ण देह टाकून नवा देह धारण करतो, असा दृष्टांत भगवंतांनी दिला आहे. पानिपतचा विणकर जीर्ण वस्त्रांकडे तुच्छतेने पाहत नाही. त्यांतील ऊब अजून शिल्लक आहे, हे त्याला ठाऊक असते. छायाचित्रात उमटते ते वस्त्रच. वस्त्र पांघरणारा त्यात उमटत नाही. परंतु त्याचे भान ठेवून पाहिले, तर त्याची चाहूल तेथे लागते. म्हणून ज्याला वृद्धांचे चित्र काढायचे आहे, त्याने प्रथम यंत्र खाली ठेवून नमस्कार करावा. आणि ज्याला कांबळे द्यायचे आहे, त्याने ते वृद्धाच्या खांद्यावर नीट पांघरावे, हात सोडावा आणि मागे वळून न पाहता घरी जावे. थंडी निवारण झाली, याची साक्ष त्या वृद्धाच्या अंगातील ऊबच देईल. दुसऱ्या साक्षीची गरज नाही.